वाचकांचे प्रश्न : भरगच्च आठवडा आणि घाईची उपासना

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते आणि एका शाळेत शिकवते. यजमान सातपूरच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात. मुलगा आठवीत, मुलगी चौथीत आहे. शिकवण्या, नाशिकमधला क्लास, गायनवृंदाचा सराव, महिला मंडळ आणि घरोघरच्या प्रार्थनासभा यांतच आठवडा संपतो. कौटुंबिक उपासना कशीबशी उरकते, तीही मुलांवर ओरडून. देवाने दिलेला वेळ मी वाया घालवते आहे का?

उत्तर : वाया घालवण्याइतका वेळ तुमच्याजवळ शिल्लकच नाही, आणि खरी अडचण तीच आहे. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील वेळेच्या सदुपयोगाचा बोध आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की, रिकामा अर्धा तास दिसला तरी तो भरून काढावासा वाटतो. पण लगेच पुढच्याच वचनात प्रभूची इच्छा काय आहे हे समजून घेण्यास सांगितले आहे, आणि ते धावपळीत साधत नाही. लेवीय 19:9 मध्ये कापणी करताना शेताचे कानेकोपरे साफ कापू नयेत अशी आज्ञा आहे. तो भाग गरिबांसाठी आणि परक्यांसाठी मुळातच सोडायचा असे, उरलासुरला म्हणून नव्हे. आठवड्यातील एक संध्याकाळ तुम्हीही अशीच आधी सोडा आणि बाकीची कामे मग बसवा.

बायबलमधील अनुवाद या पुस्तकात (6:7) मुलांना देवाची वचने घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजताना आणि उठताना शिकवावीत असे म्हटले आहे. हे सगळे प्रसंग कामांच्या मधल्या फटींतले आहेत. पप्पा रात्रपाळीला गेल्यावर देवही जागा असतो का, असे गाडीवर मागे बसलेली मुलगी विचारील, तेव्हा घरी पोहोचल्यावर राखणारा देव झोपत नाही असे सांगणारे स्तोत्र 121 उघडून तिच्याशेजारी बसण्याइतकी सवड हवी; लगेच गायनवृंदाच्या सरावाला पळायचे असेल तर तो प्रश्न तिथेच विरतो.

यजमानांच्या पाळ्या बदलत असताना उपासनेची एकच वेळ धरून बसणे मला तरी व्यर्थ वाटते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात ती रात्री जेवणानंतर ठेवा, दुसऱ्या पाळीत सकाळी डबे भरण्याआधी. रात्रपाळीत सगळे एकत्र येत नसतील तर एक वचन आणि छोटी प्रार्थना पुरे. क्लासला जाताना द्वारका चौकात होणारी कोंडी रोजचीच आहे, तेव्हा तो वेळ हिशेबात धरूनच घर सोडा. मुलांवरचे अर्धे ओरडणे तिथेच थांबेल.

तरीही काहीतरी कमी करावेच लागेल. महिला मंडळ आणि गायनवृंद यांपैकी एक वर्षभरासाठी थांबवावे, असे मी सुचवीन. मंडळीतले काम सोडणे म्हणजे देवाकडे पाठ फिरवणे नव्हे. निर्गम या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला त्याचा सासरा इथ्रो, एकट्याने सारा भार वाहिलास तर तू आणि लोकही थकून जाल, असे स्पष्ट बजावतो, आणि मोशे ते ऐकतो. आधी यजमानांशी बोला, मग दोघांनी मिळून पाळकसाहेबांना भेटा, म्हणजे नाताळच्या गीतांचा सराव सुरू होण्याआधी त्यांना तुमच्या जागी दुसरे कोणी शोधता येईल.