निरोपाच्या दिवशी तरुण ब्रदरांना काय सांगावे?

प्रश्न : माझा भाचा एका धर्मसंघात असून पुण्यातील तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपवून तो येत्या जानेवारीत मेघालयातील एका मिशन शाळेत दोन वर्षांसाठी जात आहे. आमच्याच धर्मग्रामातील (पॅरिशमधील) दुसरा एक तरुण त्याच्यासोबत निघाला आहे. तो मात्र धर्मगुरू होणार नसून आयुष्यभर ब्रदर म्हणूनच सेवा करणार आहे. निरोप समारंभात मी, निवृत्त शिक्षिका आणि भाच्याची आत्या या नात्याने, चार शब्द बोलावेत असे ठरले आहे. भाचा मला फोनवर म्हणाला, “आत्या, तिकडे माझा काही उपयोग होईल असे मला वाटत नाही.” दुसऱ्या मुलाला तर जो भेटेल तो “फादर कधी होणार?” असे विचारतो. या दोघांना धीर येईल असे मी काय बोलावे? — एक वाचक, वसई

उत्तर : आपल्या भाच्याने मनातील भीती आपल्याजवळ बोलून दाखवली, यावरून त्याला धीर कोणाकडून हवा आहे हे स्पष्ट होते. अशा वेळी आपण बहुधा घाईने म्हणतो, “छे, तू तर किती हुशार आहेस!” कृपा करून तसे म्हणू नका. सुरुवातीचे काही महिने आपला फारसा उपयोग होणार नाही, हे त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. ते खरे आहे असे एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने शांतपणे मान्य केले, तर त्याच्या मनावरचे अर्धे ओझे उतरेल. कारण मग तिकडे पोहोचल्यावर येणारा अवघडलेपणा हे त्याचे अपयश न ठरता त्या कामाचा पहिला धडा ठरेल.

तो खासी लोकांमध्ये जाणार असेल, तर तेथील भाषेचे मराठीशी किंवा हिंदीशी काहीही नाते नाही. वेल्श मिशनरी थॉमस जोन्स 1841 साली सोहरा (चेरापुंजी) येथे आले आणि त्यांनी ही भाषा रोमन लिपीत लिहिण्यास सुरुवात केली. त्यामुळे आपला भाचा पहिल्याच आठवड्यात खासी प्रार्थना वाचू शकेल, पण वाचलेल्यातले त्याला अवाक्षरही कळणार नाही. अनेक वर्षे परीक्षा देत आलेल्या मुलाला हे फार लागते. तेथे कुळ आईकडून चालते, घर परंपरेने धाकट्या मुलीकडे जाते आणि घरातील निर्णयांत मामाच्या शब्दाला वजन असते. तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याची अडचण समजून घेण्यासाठी केवळ वडिलांना बोलावून भागेलच असे नाही, हेही त्याला तेथील मुलांकडून व वडीलधाऱ्यांकडूनच शिकावे लागेल. समारंभात आपण त्याला एकच शब्द द्या : ‘खुब्लेई’. भेटताना, निरोप घेताना आणि आभार मानताना खासी माणूस हाच शब्द वापरतो, आणि त्यात देवाच्या आशीर्वादाची भावना असते. एवढा एक शब्द घेऊन गेलेला ब्रदर अगदीच रिकाम्या हाताने गेला असे होत नाही.

आता दुसऱ्या तरुणाविषयी. मला खरी काळजी त्याची वाटते, कारण त्याच्या मार्गातला अडथळा मेघालयात नसून आपल्याच अंगणात आहे. आपण सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू होण्यासाठी, शिकणाऱ्यालाही ‘ब्रदर’ म्हणतो आणि आयुष्यभराचे व्रत घेतलेल्यालाही ‘ब्रदर’ म्हणतो. त्यामुळे लोकांना ब्रदर म्हणजे अर्धवट राहिलेला फादर वाटतो. वसईत तरी असे वाटू नये. ज्यांच्या नावाने येथे महाविद्यालय चालते ते संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईतच जन्मले, आणि ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन ब्रदर होते. 1593 साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत ते जपानला गेले ते दुभाषी म्हणून, कारण आधीच्या वास्तव्यात त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली होती. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर मरण आलेल्या 26 जणांत ते होते. हे आपण व्यासपीठावरून त्या मुलाच्या आईवडिलांसमोर, त्याचे नाव घेऊन सांगा. “फादर कधी होणार?” हा प्रश्न विचारणारे लोकही समोरच बसलेले असतील.

आणखी एक हकिकत दोघांनाही लागू पडते. स्पेनमधील मायोर्का बेटावर येशूसंघाच्या (जेझुइटांच्या) महाविद्यालयात आल्फोन्सो रॉड्रिग्ज नावाचे एक वृद्ध ब्रदर द्वारपाल होते. ते मूळचे सेगोव्हियाचे लोकरीचे व्यापारी. पत्नी आणि मुले मरण पावल्यावर चाळिशीच्या सुमारास त्यांनी धर्मसंघात प्रवेश मागितला, पण तेवढे शिक्षण त्यांना झेपले नाही; 1571 साली त्यांना ब्रदर म्हणून घेतले गेले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी दार उघडण्याचे काम केले. त्याच महाविद्यालयात पेद्रो क्लाव्हेर हा तरुण तत्त्वज्ञान शिकायला आला. तो अतिशय संकोची होता आणि स्वतःच्या योग्यतेविषयी त्याला सतत शंका वाटे. त्याला मिशनकडे वळवले ते त्या द्वारपालाने, आणि तेही भाषण करून नव्हे. दोघे रोज बोलत बसत, आणि निघताना ब्रदरांनी आपल्या हाताने लिहिलेली टिपणांची वही त्याला दिली. क्लाव्हेर 1610 साली आजच्या कोलंबियातील कार्ताहेना बंदराच्या प्रदेशात पोहोचला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची त्याने 1654 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सेवा केली, आणि ती वही त्याने अखेरपर्यंत जपली. 1888 साली ते दोघे एकाच दिवशी संत म्हणून घोषित झाले.

म्हणून माझी विनंती अशी की भाषण पाच मिनिटांत आटोपावे आणि बाकीची शक्ती पत्रांसाठी राखून ठेवावी. संत फ्रान्सिस झेवियर यांनी पूर्वेकडे फिरताना सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून छातीशी बाळगल्या होत्या. दूरच्या माणसाला ओळखीचे हस्ताक्षर किती लागते, हे यावरून कळावे. निरोपाच्या दिवशी हार घालणारे पुष्कळ असतात, परंतु खरी गरज पुढे भासते. मेघालयात शाळेचे वर्ष फेब्रुवारीत सुरू होते. नवेपणा ओसरून जून-जुलैत तेथील तो प्रचंड पाऊस लागला, की घराची आठवण अनावर होते. पहिले मोठे पत्र त्या सुमारास पोहोचेल असे पाहा. त्यात “कसे चालले आहे?” असे मोघम न विचारता, वसतिगृहातील चार मुलांची नावे कळव, कोण गणितात कच्चा आहे ते लिही, स्वयंपाकघरात काय शिजते ते सांग, असे विचारा. या प्रश्नांची उत्तरे लिहिताना आपला उपयोग होऊ लागला आहे हे त्याचे त्यालाच दिसेल. आणि दोन पाकिटे टाका, एक भाच्याला आणि एक त्या दुसऱ्या मुलाला, वेगवेगळे लिहून.