लिनक्सवर यूएसबी मॉडेम ३जीवरच अडकलाय, ४जीवर परत कसा आणू?

तुम्ही लिहिलंय ते असं: मॉडेम मधूनमधून ४जीवरून ३जीवर घसरायचा, म्हणून कुठेतरी वाचून तुम्ही एमएमसीएलआयने (लिनक्सवर मॉडेम सांभाळणाऱ्या मॉडेममॅनेजरला टर्मिनलवरून सूचना देणाऱ्या प्रोग्रामने) मोड बदलायला गेलात. टर्मिनलवर '४जी: कमांड नॉट फाउंड' आलं आणि तेव्हापासून ४जी येणंच बंद झालं. दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहिलात तरी तेच.

मॉडेम बिघडलेला नाही. त्याला ३जीचं कुलूप तुमच्याच हातून लागलंय.

तुम्ही दिलेल्या आज्ञेत ३जी आणि ४जीच्या मध्ये उभी रेघ आहे. एमएमसीएलआयच्या लेखी तिचा अर्थ 'हा आणि तो, दोन्ही मोड चालतील'. पण आज्ञा आधी शेलच्या (टर्मिनलवर टाइप केलेलं वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हातात पडते, आणि शेलच्या लेखी ती रेघ म्हणजे पाइप, एका आज्ञेचं उत्तर दुसरीकडे पोचवणारी नळी. अवतरणचिन्हं नसली की तो तिथेच आज्ञेचे दोन तुकडे करतो. डावा तुकडा, म्हणजे 'फक्त ३जी चालेल', तो मुकाट्याने मॉडेमला देतो. उजव्या तुकड्यासाठी ४जी नावाचा प्रोग्राम शोधतो, तो सापडत नाही आणि एरर येते. आपल्याला वाटतं काहीच झालं नाही. खरं तर निम्मं झालेलं असतं, तेही नको ते निम्मं. दुसऱ्या लॅपटॉपवरही तेच दिसतं, कारण बरेच मॉडेम ही सेटिंग स्वतःच्या मेमरीत जपून ठेवतात.

दुरुस्ती एका ओळीची आहे. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत टाका. परवानगीवरून अडलं तर आधी सूडो लावा.)

एमएमसीएलआय -एम ० --सेट-अलाउड-मोड्स="३जी|४जी" --सेट-प्रिफर्ड-मोड=४जी

यातला ० हा मॉडेमचा क्रमांक. मॉडेम काढून परत लावला की तो १, २ असा वाढत जातो, त्यामुळे आधी 'एमएमसीएलआय -एल' (हा एल मात्र मोठा, कॅपिटल) देऊन आत्ताचा क्रमांक बघून घ्या. नव्या आवृत्त्यांत क्रमांकाऐवजी 'एनी' लिहिलं तरी चालतं.

एवढं करूनही 'अनसपोर्टेड' असं उत्तर आलं, तर नुसतं 'एमएमसीएलआय -एम ०' द्या आणि 'मोड्स'चा भाग नीट वाचा. तिथे 'सपोर्टेड'खाली जोड्यांची यादी असते: अलाउड अमुक, प्रिफर्ड तमुक. मॉडेममॅनेजर फक्त त्या यादीतली जोडी जशीच्या तशी स्वीकारतो, मधलं काही चालवून घेत नाही. फक्त ४जी ठेवायचं असेल तर 'अलाउड ४जी, प्रिफर्ड नन' अशी जोडी असते; तिथे हौसेने प्रिफर्डही ४जी लिहिलंत तर नकार मिळतो. यादीत एकच जोडी दिसत असेल, तर या मार्गाने मोड बदलताच येणार नाही. एमबीआयएमवर (कॉम्प्युटर आणि मॉडेम यांच्यातल्या बोलण्याच्या एका पद्धतीवर) चालणाऱ्या काही मॉडेमांचं असं होतं.

मग एटी कमांडचा, म्हणजे मॉडेमला थेट त्याच्या भाषेत आज्ञा द्यायचा, रस्ता उरतो, आणि तिथे प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. सिमकॉमच्या बऱ्याच ४जी मॉडेमांना 'एटी+सीएनएमपी=३८' दिलं की फक्त ४जी, =२ दिलं की परत ऑटोमॅटिक. क्वेक्टेलच्या ४जी मॉडेमांत 'एटी+क्यूसीएफजी'खाली 'एनडब्ल्यूस्कॅनमोड' असतो: ० म्हणजे ऑटो, ३ म्हणजे फक्त ४जी. त्याआधी मॉडेममॅनेजरची सर्व्हिस थांबवा, नाहीतर एकाच पोर्टवर दोघं बोलायला लागतात आणि उत्तरं अर्धवट येतात. शोधताना यूएसबी-मोडस्विच नावाचं काहीतरी समोर येईल. त्यातल्या 'मोड'चा याच्याशी संबंध नाही. पेनड्राइव्हचं सोंग घेऊन बसलेल्या मॉडेमला मॉडेम म्हणून उठवणं एवढंच त्याचं काम.

आता 'फक्त ४जी ठेवू का' याबद्दल. समोर टेबलावर मॉडेम असेल तर खुशाल ठेवा. लांबच्या, कोणी नसलेल्या जागेवरच्या मशीनवर ठेवू नका. मी ठेवलं होतं. त्या मशीनपर्यंत पोचायचा एकमेव रस्ता तोच मॉडेम होता आणि मी एसएसएचमधून (लांबून त्या मशीनवर टर्मिनल उघडून) त्याच मॉडेमला फक्त ४जीवर टाकलं. एंटर दाबला, कर्सर लुकलुकत राहिला आणि सेशन गोठलं. तिथे ४जी जेमतेमच होतं, मॉडेमला ते पकडता आलं नाही, आणि ३जीवर जायची मुभा मीच काढून घेतली होती. बसलेली फांदी कापणं म्हणतात ते हेच. एक ओळ टाइप करायला दुसऱ्या दिवशी दोन तासांचा प्रवास केला.

तेव्हापासून लांबच्या मशीनवर मोडला हात लावण्याआधी परतीची सोय करून ठेवतो. पाच मिनिटं थांबून जुनी सेटिंग परत लावणारी ओळ ('स्लीप ३००' आणि त्यापुढे जुन्या मोडची पूर्ण आज्ञा) नोहपखाली (सेशन तुटलं तरी आज्ञा चालू ठेवणारा प्रोग्राम) मागे सोडून देतो आणि मगच बदल करतो. सगळं सुरळीत चाललं तर ती ओळ मारून टाकायची. सेशन गेलं तर पाच मिनिटं हात बांधून बसायचं. त्या ओळीत क्रमांकाऐवजी 'एनी'च लिहा, कारण मॉडेम मध्येच रीसेट झाला तर क्रमांक बदललेला असतो. मोड बदलताना चालू कनेक्शन क्षणभर तुटतंच, तेवढ्याने घाबरू नका.

एक मात्र खरं, ४जीला पसंती दिली म्हणून मॉडेम त्याला चिकटून राहीलच असं नाही. मुळात तुमचा मॉडेम घसरत का होता ते बघा. '--सिग्नल-सेटअप=१०' देऊन दर दहा सेकंदांनी मोजणी चालू करा, मग '--सिग्नल-गेट'ने आरएसआरपी, म्हणजे ४जी सिग्नलच्या जोराचा आकडा, वाचा. तो -९०च्या आसपास असेल तर सिग्नल चांगला आहे. -११०च्याही खाली जात असेल तर मोडशी झटापट करण्यात अर्थ नाही. साधी यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून मॉडेम खिडकीजवळ न्या आणि आकडा पुन्हा वाचा.