दारात जाऊन टायर बसवायचे : आधी हात, मग व्हॅन

भांडुपहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बावीस वर्षांचा. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि दीड वर्षापासून एलबीएस रोडवर टायरच्या दुकानात आहे. आता त्याला गावी, रायगडमधल्या माणगावला जाऊन स्वतःची व्हॅन घ्यायची आहे. लोकांच्या घरी आणि कंपन्यांच्या पार्किंगमध्ये जाऊन टायर बदलून द्यायचे. आई लिहितात, ‘शिकवलं ते पंक्चर काढायला का? आणि व्हॅनसाठी माझे दागिने मोडू म्हणतो. तुम्हीच त्याला समजवा.’

ताई,

दागिने मोडू नका, हे आधी सांगतो. पण ‘पंक्चर काढायला का’ या प्रश्नात मी तुमच्या बाजूने नाही.

मागे एकदा मी गाडीचे चारही टायर नवीन घातले आणि संध्याकाळी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने निघालो. विक्रोळीच्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं. कडेला घेऊन पाहिलं तर पुढच्या डाव्या चाकाचे तीन नट बोटांनी फिरत होते. दुकानातल्या पोराने नट आवळायची गन लावली होती आणि मधेच दुसरं गिऱ्हाईक आल्यावर तो तिकडे गेला होता. गाडीत माझी मुलगी होती. तेव्हापासून या कामाला मी हलकं म्हणत नाही.

गाडीचं सगळं वजन रस्त्याला टेकतं ते चार ठिकाणी, प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे असतात. शेवटचा पीळ टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंतच द्यायचा. कमी पडला तर चाक सुटतं, जास्त झाला तर बोल्ट ताणला जातो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर तो पुन्हा तपासायचा. तुमचा मुलगा हे न सांगता करतो का, ते त्याला विचारा. करत असेल तर तो कारागीर आहे.

याहून अवघड गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणं. ट्यूबलेस टायरच्या नक्षीत खिळा घुसला आणि भोक ६ मिलिमीटरच्या आत असेल, तर टायर उतरवून, आतून तपासून मशरूम पॅच, म्हणजे भोकात देठ बसणारं छत्रीसारखं ठिगळ, लावता येतो. तोच खिळा बाजूच्या भिंतीत असेल तर ते पंक्चर काढायचंच नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती भिंत वाकते, तिथे पॅच टिकत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे खड्ड्यात आदळून टायरला फुगा येतो, म्हणजे आतले दोर तुटलेले असतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘आठवडाभर चालवतो, मग बघू.’ अशा वेळी पाचशे रुपयांचं काम सोडून ‘ही गाडी घेऊन घाटात जाऊ नका’ असं सांगायला छाती लागते. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागालाच गाड्यांचे टायर तपासावे लागले. गुळगुळीत टायर ओळखणं अवघड नाही. खाचांमध्ये रबराच्या आडव्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी झिजून पट्टीला टेकली की टायर संपला. बाजूवर २३२४ असे चार आकडे असतील तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हे सगळं गिऱ्हाइकाला त्याच्या दारात उभं राहून, शांतपणे दाखवणारा माणूस माणगावातही हवाच आहे.

आता व्हॅन. इथे माझं मत तुमच्या मुलाला आवडणार नाही.

व्हॅनमध्ये टायर चेंजर, बॅलन्सिंग मशीन, कॉम्प्रेसर आणि हे चालवायला जनरेटर किंवा मोठी बॅटरी लागते. गाडीत असे बदल करायचे तर आरटीओची मंजुरी लागते. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, व्हॅनमध्ये होत नाही, त्यासाठी कुठल्यातरी दुकानाशी संबंध ठेवावा लागतो. कोकणातल्या पावसात अंगणाची माती मऊ होते आणि जॅक रुततो. त्याखाली जाड फळी आणि चाकांना ठोकळे लावल्याशिवाय गाडी उचलायची नाही.

आणि अंतर. मुंबईत एका सोसायटीतून तीन कामं मिळतात. इमारतीखालच्या मजल्यांवरच्या पोडियम पार्किंगमध्ये व्हॅन उंचीमुळे शिरत नाही, म्हणून चाक ढकलत गेटपर्यंत आणावं लागतं, ते वेगळं. माणगाव तालुक्यात एक बोलावणं वीस किलोमीटरवर असू शकतं. जाऊन येऊन चाळीस. व्हॅन लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल तर जवळजवळ तीन लिटर इंधन एकाच गिऱ्हाइकावर गेलं. त्यात त्या घरात अजून काही काम निघालं नाही तर मजुरी इंधनातच जाते. म्हणून एकेकट्या पंक्चरवर हा धंदा तिथे उभा राहणार नाही. एकाच जागी अनेक गाड्या हव्यात, ठरलेल्या दिवशी. विळे-भागाड एमआयडीसीतल्या कंपन्यांचं पार्किंग, शाळेच्या बसगाड्या, दवाखाने, बँका. कामाच्या तासांत ज्यांना उठता येत नाही, तेच त्याचे खरे गिऱ्हाईक.

म्हणून माझा सल्ला असा. अजून एक पावसाळा त्याने इथेच काढावा. नोकरी न सोडता, सुटीच्या दिवशी, दुचाकीवर मावेल एवढ्या सामानात: जॅक, टॉर्क पाना, छोटा कॉम्प्रेसर. भांडुप-मुलुंडच्या ओळखीच्या सोसायट्यांत स्टेपनी बदलणं, हवा तपासणं, टायर बघून देणं. टायर उतरवायचा असेल तर चाक दुकानात नेऊन, मालकाला सांगून. चोरून नाही, कारण पुढे त्याच मालकाकडून त्याला माल लागणार आहे. प्रत्येक काम वहीत लिहावं: किती वेळ लागला, किती अंतर, हातात काय उरलं.

पैशांचं थोडक्यात. मुद्रा योजनेत पाच लाखांपर्यंतचं ‘किशोर’ कर्ज तारणाशिवाय मिळतं. बँक त्याची वही आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, बघेल. ती नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मोजकीच माणसं असतील तर महाराष्ट्रात दुकान कायद्याखाली नुसती सूचना द्यावी लागते. व्हॅन चालवायला साधा कारचा परवाना पुरतो का, असं तुम्ही विचारलं आहे. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला तो पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

गणपतीला तुम्ही गावी जाणारच. तेव्हा त्याला आरत्या-पाहुण्यांतून दोन दिवस मोकळे द्या. एक दिवस त्याने एमआयडीसीच्या गेटांवर उभं राहून आत किती गाड्या जातात ते मोजावं. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या पंक्चरवाल्यांशी बोलावं: कुठलं काम ते परत पाठवतात, अलॉय व्हीलची गाडी आली तर काय करतात. तुम्हीही एकदा त्याच्यासोबत जा. परत आलात की वही घेऊन दोघं दादरला या, शनिवारी दुपारपर्यंत मी असतो. व्हॅनचा हिशोब तेव्हा मांडू.