‘बरोबर’ म्हणजे नेमकं काय?

“मॅडम, पाढे पाठ आहेत, हातच्याची वजाबाकी चुकत नाही. आणि हे बघा.” त्या आईंनी चौथीतल्या मुलाची वही माझ्यासमोर उघडली. ८ + ४ = □ + ५. चौकटीत त्याने लिहिलं होतं १२. खाली तसल्याच आणखी पाच उदाहरणांवर लाल फुल्या. त्यांच्या जाऊबाईंची मुलगी आठवीत आहे आणि बीजगणिताचं पुस्तक उघडलं की तिला रडू येतं. “याचंही तसंच होईल का? आतापासूनच एक्स-वायचा क्लास लावू का?”

मुलगा खुर्चीच्या कडेला बसला होता. आईने ‘फुली’ शब्द उच्चारला की नख कुरतडायचा.

ही काळजी घेऊन बरेच पालक येतात. क्लासचं बोलणं मी बाजूला ठेवलं आणि बरोबरच्या चिन्हावर बोट ठेवून मुलाला विचारलं, “हे काय सांगतं रे?”

“आता उत्तर लिही, असं.”

“मग पुढचं हे अधिक पाच कशाला?”

तो थोडा घुटमळला. “ते चुकून छापलंय बहुतेक.”

म्हणजे त्याची बेरीज चुकलीच नव्हती. चिन्हाचा जो अर्थ त्याने धरला होता, त्याप्रमाणे १२ हेच उत्तर येतं. पहिलीपासून त्याने पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणात डावीकडे हिशेब आणि उजवीकडे एक रिकामी जागा असते. त्यात आपली भाषाही भर घालते. ‘बरोबर’ म्हणजे ‘तेवढंच’ आणि ‘बरोबर’ म्हणजे ‘चूक नाही’. मुलाच्या कानावर दुसरा अर्थ दिवसभर पडतो, पहिला फक्त गणिताच्या तासाला.

अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली ते सहावीच्या मुलांना हेच उदाहरण घातलं होतं. सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ हे योग्य उत्तर लिहिलं नाही. जवळजवळ सगळ्यांची उत्तरं १२ नाहीतर १७, म्हणजे दिसेल ते मिळवून टाकलेलं. हे सांगितल्यावर आईंचा आवाज जरा निवला.

वहीच्या मागच्या पानावर त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती: २५ + १५ = ४० + १० = ५०. मी विचारलं, “पंचवीस आणि पंधरा म्हणजे पन्नास का?” त्यांनी पुन्हा वाचलं. “अय्या, मी तर नेहमी असंच लिहिते.” आपण मोठी माणसं घाईत असंच लिहितो आणि मूल ते बघत असतं. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहायची, एवढाच बदल मी सुचवला. तो छोटा वाटतो, पण माझ्या मते महागड्या क्लासपेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

मग कपड्यांचा हँगर खुंटीला अडकवला आणि दोन्ही टोकांना सारख्या पिशव्या बांधल्या. भाजीवाल्याकडे या मुलाने आकडे दाखवणारा काटाच पाहिला होता, दोन पारड्यांचा तराजू त्याने कधी हाताळला नव्हता. डाव्या पिशवीत त्याने ८ आणि ४ गोट्या टाकल्या, उजवीत ५. “आता इकडे किती हव्यात?” तो ठामपणे म्हणाला, बारा. टाकल्या, तर हँगर उजवीकडे धाडकन कलला. मी काही बोलले नाही. तो एकेक गोटी काढत गेला. पाचवी काढली आणि हँगर सरळ झाला. त्याने पिशवीतल्या गोट्या मोजल्या नाहीत, बोटांवर बारातून पाच वजा केले आणि हळूच म्हणाला, “सात. दोन्हीकडे तेवढंच पाहिजे.”

पुढच्या भेटींत आम्ही ‘खरं की खोटं’ खेळलो. ७ = ३ + ४ हे त्याला ‘उलटं लिहिलेलं’ वाटलं. ६ = ६ वर तो हसला, “यात करायचं काय?” ३७ + ४८ = ३८ + ४७ वर मात्र तो बराच वेळ थांबला. बेरीज करायची नाही, अशी अट होती. “इकडचा एक तिकडे दिलाय. खरं आहे.” त्या वाक्यात सगळं बीजगणित होतं. संख्या कोणतीही असो, एकात एक वाढवला आणि दुसऱ्यातून एक काढला तर बेरीज तीच राहते, हे त्याचं त्याला दिसलं होतं.

काड्यापेटीच्या काड्यांनी एकाला एक जोडून चौकोनही केले. एकाला ४ काड्या, दोनाला ७, तिनाला १०. दहा चौकोनांना किती? त्याने मांडायला घेतलं, मध्येच हात थांबवला. “प्रत्येकाला तीन आणि सुरुवातीची एक. एकतीस.” शंभराला? “तीनशे एक.” इथे एक्स लिहिण्याची मला घाई नव्हती. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जेवढं तेवढं’ म्हणत आणि आणखी अज्ञात असतील तर त्यांना कालक, नीलक अशी रंगांची नावं देत. चौकट असो, रंग असो की अक्षर, आधी त्या ‘जेवढ्या तेवढ्या’शी ओळख हवी. म्हणून आईंना सांगितलं, क्लास नको. रोज दहा मिनिटं असे खेळ आणि प्रत्येक उत्तरानंतर एकच प्रश्न: तुला हे कसं कळलं?

पाचव्या भेटीत फुल्या पूर्ण गेल्या नव्हत्या. चाचणीत घाई झाली की तो अजून चौकटीत आधीची बेरीज लिहायचा. पण त्या दिवशी त्याने स्वतःचं एक उदाहरण आणलं होतं, आईसाठी. ५८ + ३४ = ६० + □. आईंनी पेन उचललं तसा त्याने पानावर हात ठेवला. “बेरीज करायची नाही, आई. नुसतं बघ.”