पॅनल काढताना स्क्रू-ड्रायव्हर लांबच ठेव

भाऊ, डॅशबोर्डचं पॅनल काढून गाडीच्या स्टिरिओच्या वायरींपर्यंत पोचणं अवघड नाही, घाई तेवढी नडते.

आधी चावी काढ, मग दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडव. जुन्या स्टिरिओला चालू करायचा कोड असेल तर तो त्याआधीच शोधून ठेव. एअरबॅगवाली गाडी असेल तर काही मिनिटं थांब. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना तर हातच लावू नको.

पॅनल उचकटायला प्लॅस्टिकची पट्टीच घे. स्क्रू-ड्रायव्हरने कडेला कायमचे ओरखडे पडतात. कडेकडेने थोडं थोडं उचक, टक् करून क्लिप सुटते. एखादा कोपरा हलतच नसेल तर जोर लावू नको, तिथे स्क्रू लपलेला असू शकतो. पौषातल्या गारठ्यात प्लॅस्टिक कडक होऊन क्लिपा तुटतात. गाडी आधी उन्हात लाव, जळगावात उन्हाला काय तोटा!

सुटलं की पॅनल खस्सकन ओढू नको. मागे बऱ्याचदा हॅझर्डच्या (चारही इंडिकेटर लावायच्या) बटणाची वायर असते. कनेक्टरची कळ दाबून तो काढ, वायरीला धरून नाही. त्याआधी मोबाईलवर फोटो काढ.

कंपनीची वायर कापू नको, गाडीच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचा तयार जोड, मिळतो.