चिप बदलण्याआधी मीटर काढा

प्रश्न : माझ्या हेडफोन अ‍ॅम्पमध्ये एनई ५५३२ ही चिप सॉकेटवर बसवलेली आहे. तिच्या जागी ओपीए २१३४ किंवा एलएम ४५६२ लावली तर आवाज खुलेल का? बदलताना काय सांभाळावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोन्ही चिप बसतील. तिन्ही दुहेरी (एकाच चिपमध्ये सिग्नल वाढवणारे दोन भाग असलेल्या) ऑप-अ‍ॅम्प आहेत आणि पायांची मांडणी एकच आहे : १ आणि ७ आउटपुट, ४ वर उणे पुरवठा, ८ वर अधिक. आवाज किती बदलेल हे मात्र चिपपेक्षा तिच्या भोवतालच्या सर्किटवर जास्त अवलंबून असतं. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, फीडबॅकचे दोन रेझिस्टर ठरवतात, त्यामुळे चिप कोणतीही लावली तरी तो तेवढाच राहतो. नवी चिप जोरात वाजते असं वाटलं तर आनंद मानू नका, कुठेतरी चूक झाली आहे असं धरून शोध घ्या.

पहिलं काम, अ‍ॅम्प चालू असताना ४ आणि ८ या पायांमधला व्होल्टेज मोजा. प्रोब घसरून शेजारच्या पायाला लागू देऊ नका. ३० व्होल्ट आले, म्हणजे पुरवठा ±१५ चा आहे. तो या तिन्ही चिपना चालतो. एडी ८६२० ची मर्यादा मात्र ±१३ आहे, ती इथे लावली तर जाईल. दुहेरीच्या सॉकेटात एकेरी चिप (उदाहरणार्थ ओपीए ६२७) थेट बसवू नका. तिचा अधिक पुरवठा ७ व्या पायावर असतो. एकेऱ्या दोन चिपसाठी वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो.

मग प्लग काढा, पाच मिनिटं थांबा आणि मोठ्या कपॅसिटरवर एक व्होल्टच्या आत उरलंय का ते बघा. जुन्या चिपचा फोटो काढून ठेवा, खाच किंवा ठिपका कुठल्या बाजूला आहे ते दिसलं पाहिजे. लहान चपटा स्क्रूड्रायव्हर आधी एका टोकाखाली, मग दुसऱ्या टोकाखाली घालून थोडं थोडं उचला. एकाच बाजूने उचकटलं की पाय वाकतात. नव्या चिपचे पाय किंचित फाकलेले असतात. टेबलावर आडवी धरून दोन्ही रांगा हलकेच आत दाबा, मग बसवा. चिप उलटी बसली तर ४ आणि ८ ची अदलाबदल होते आणि ती काही सेकंदांत जळते.

चालू करताना हेडफोन लावू नका. व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, मीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर घ्या आणि दोन्ही चॅनेलचं आउटपुट मोजा. १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ५० च्या वर गेलं तर हेडफोन जोडूच नका. व्हॉल्यूम पूर्ण उघडून पुन्हा मोजा, कारण काही सर्किटांत तेव्हाच आकडा चढतो.

एलएम ४५६२ बाबत खास जपा. ५५३२ ची बँडविड्थ (चिपच्या वेगाचं माप) १० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, हिची ५५. पुरवठ्याच्या पायांपासून कपॅसिटर लांब असतील तर अशी वेगवान चिप कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर आंदोलन करू लागते. आवाज खरबरीत होतो आणि चिप कोमट न राहता चांगलीच तापते. बोर्डाच्या मागून ४ आणि ८ या पायांवर थेट १०० नॅनोफॅरडचा एक्स७आर सिरॅमिक डाखला की बहुतेक वेळा हे थांबतं. ‘या चिपचा आवाज कर्कश’ अशी तक्रार करण्याआधी हे नक्की तपासा. सर्किट निकोप असेल तर फरक फार बारीक उरतो. तो ऐकायचा असेल तर तानपुरा स्पष्ट ऐकू येणारं संथ विलंबित लावा आणि कोणती चिप बसवली आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या.

प्रश्न : ओपीए २१३४ काढून ५५३२ लावली. तेव्हापासून व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते. पॉट (व्हॉल्यूमचा फिरता रेझिस्टर) १०० किलोओहमचा आहे, गेन ११. पॉट खराब झाला का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : पॉट बहुधा ठणठणीत आहे. २१३४ च्या इनपुटला एफईटी (जवळजवळ प्रवाह न घेणारे ट्रान्झिस्टर) आहेत, त्यांना लागणारा प्रवाह काही पिकोअँपिअर. ५५३२ ला मात्र साधारण २०० नॅनोअँपिअर लागतात. स्रोताला कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवणारा) असेल आणि पॉट पूर्ण उघडा असेल, तर हा प्रवाह १०० किलोओहममधून जातो आणि तिथे २० मिलिव्होल्ट उभे राहतात. गेन ११, म्हणजे आउटपुटवर २२० मिलिव्होल्ट डीसी. ३२ ओहमच्या हेडफोनमधून त्याचा सुमारे ७ मिलिअँपिअर सतत वाहतो. पॉट फिरवला की हा डीसी हलतो, तीच तुमची खरखर. तूर्त हेडफोन काढून ठेवा.

सोपा उपाय म्हणजे २१३४ परत बसवणं. ५५३२ च हवी असेल तर १० किलोओहमचा पॉट लावा आणि गेनच्या १ किलोओहमच्या रेझिस्टरला जमिनीच्या (ग्राउंडच्या) बाजूने २२० मायक्रोफॅरडचा बायपोलर (अधिक-उणे बाजू नसलेला) कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा. डीसीचा गेन १ वर येतो, आणि कपॅसिटरचा परिणाम पाऊण हर्ट्झच्या आसपास सुरू होत असल्यामुळे खर्जाला धक्का लागत नाही.

प्रश्न : ओपीए १६१२ लावल्यावर हिस्स कमी होईल का? पॉट १० किलोओहमचा आहे.
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : ऐकू येईल इतका नाही. पॉट मध्यावर असताना तो स्वतःच सुमारे ६.४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ इतका नॉइज देतो. १६१२ चा व्होल्टेज नॉइज १.१ आणि ५५३२ चा ५ असला तरी १६१२ चा करंट नॉइज जास्त आहे. सगळं एकत्र धरलं की फायदा एक डेसिबलच्या आत राहतो. शिवाय ती फक्त पृष्ठभागी (थेट सॉकेटात न बसणाऱ्या) पॅकेजमध्ये येते, म्हणजे अ‍ॅडॅप्टरचा खटाटोप वेगळा. हिस्स सतावत असेल तर गेन ११ वरून ३ वर आणा.

प्रश्न : पुण्यातल्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) २१३४ फार स्वस्तात मिळाली. खरी आहे का, हे घरी कसं ओळखावं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि १ मेगओहमचा रेझिस्टर घ्या. बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा, मधला सांधा म्हणजे जमीन, उरलेलं उणे टोक ४ वर, अधिक टोक ८ वर. १ आणि २ जोडा, ३ ला रेझिस्टरमधून जमिनीवर न्या. ६ आणि ७ जोडा, ५ जमिनीवर. आता १ वरचा डीसी मोजा. खऱ्या २१३४ मध्ये तो दोन-एक मिलिव्होल्टच्या आत राहतो. शे-दोनशे आले तर आत ५५३२ किंवा ४५५८ सारखी बायपोलर (इनपुटला एफईटी नसलेली) चिप आहे.

टीएल ०७२ ही एफईटीचीच चिप असल्याने या चाचणीतून सुटू शकते. म्हणून एका बॅटरीच्या वाटेत मिलिअँपिअरवर मीटर लावा : २१३४ सुमारे ८ मिलिअँपिअर घेते, ०७२ जेमतेम ३.