लग्न झालंय, तरी मुलाला कॅनडातून परत पाठवतील का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी रावेर तालुक्यातली. मुलगा शिकायला कॅनडात गेला, ब्रॅम्प्टनला राहतो. कॉलेज मधेच सुटलं, परमिट संपलं, वाढवून घेतलं नाही आणि आम्हाला काही बोललाच नाही. चार महिन्यांपूर्वी तिथेच रजिस्टर लग्न केलं, मुलगी आपल्याचकडची, आजोळ यावलला, तिच्याकडे पीआर आहे, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना. आता मागच्या महिन्यात त्याच्या नावाने एक्सक्लूजन ऑर्डर, म्हणजे देश सोडायचा हुकूम, निघाली आणि परवा अजून एक पत्र आलं म्हणे. इथला एक एजंट सांगतो बायकोने स्पॉन्सरशिप, म्हणजे नवऱ्याला तिथे कायम ठेवायचा अर्ज, टाकली की ऑर्डर आपोआप रद्द, बारा लाख लागतील. केळीचं शेत गहाण ठेवायचं घरात चाललंय. सूनबाई म्हणते नाहीच जमलं तर मी पण रावेरला येऊन राहते. काय करू?

उत्तर: ताई, आधी शेताचं बघू. ते गहाण ठेवू नका, निदान या माणसाच्या शब्दावर तर नकोच. लग्नाने ऑर्डर रद्द होत नाही, स्पॉन्सरशिप टाकल्याने पण आपोआप होत नाही, जो असं छातीठोक सांगतो त्याला एकतर माहिती नाही नाहीतर तो खोटं बोलतोय.

आता खरं काय ते सांगते. नवरा किंवा बायको कॅनडात असतानाच तिथून अर्ज करायची सोय आहे, आणि परमिट संपूनही राहिला, म्हणजे स्टेटस नाही, एवढाच दोष असेल तर 2005 पासून तिथल्या सरकारचं धोरण आहे की तेवढ्यावरून नवराबायकोचा अर्ज नाकारायचा नाही, ऑर्डर निघालेली असली तरी. पण गुन्ह्याची केस असेल किंवा कागदपत्रांत खोटेपणा केलेला असेल तर ही सवलत नाही, म्हणून पोराला स्पष्ट विचारा, रागावू नका, फक्त विचारा.

आणि सगळं अडलंय ते त्या परवाच्या पत्रावर. सीबीएसए म्हणजे त्यांचं बॉर्डरचं खातं माणसाला परत पाठवायच्या आधी मुलाखतीला बोलावतं, त्याला प्री-रिमूव्हल इंटरव्ह्यू म्हणतात. हे बोलावणं यायच्या आधी स्पॉन्सरशिपचा अर्ज गेलेला असेल तर पाठवणी साधारण 60 दिवस थांबवतात, तेवढ्यात अर्जाकडे बघता यावं म्हणून. बोलावणं आल्यावर अर्ज टाकला तर तो घेतात पण पाठवणी त्याच्यासाठी थांबत नाही. मग अधिकाऱ्याला विनंती करायची, त्याने नाही म्हटलं तर वकिलामार्फत फेडरल कोर्टात स्थगिती मागायची, आणि ती मिळेलच असं कोणी सांगू शकत नाही. चार महिने अर्ज का राहिला याचं मला फार वाईट वाटतं ताई, पण ते आता बोलून उपयोग नाही.

मुलाखतीचं बोलावणं असेल तर त्याने जायलाच पाहिजे. गेला नाही की वॉरंट निघतं आणि वॉरंट निघालेल्याला ती 60 दिवसांची सवलत पण मिळत नाही. पत्ता बदलून मित्राच्या बेसमेंटमध्ये लपून राहायचा सल्ला कोणी देत असेल तर त्याचं ऐकू नका.

समजा यावंच लागलं, तर ते म्हणजे सगळं संपलं असं अजिबात नाही. एक्सक्लूजन ऑर्डरची बंदी साधारण एक वर्षाची असते (खोटेपणाचं प्रकरण असेल तर 5 वर्षं), पण ते वर्ष मोजायला लागतं तो निघताना विमानतळावर सीबीएसएकडून जाण्याचा दाखला घेतो तेव्हापासून. दाखला न घेता तसाच विमानात बसला तर नंतर परत जायला वेगळी परवानगी लागते, तिला एआरसी म्हणतात. इकडे आल्यावर सूनबाई तिकडून फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे बाहेरच्या देशात असलेल्या नवऱ्यासाठी, अर्ज करू शकते, वर्षाच्या आतच जायचं असेल तर त्यासोबत एआरसी मागायची. या रस्त्याची एक जमेची बाजू पण आहे, अर्ज नाकारला तर तिला अपील करता येतं, कॅनडातून केलेल्या अर्जाला ते अपील नसतं.

म्हणूनच सूनबाईने रावेरला राहायला येऊ नये. तिचं मन मोठं आहे, पण पीआरवाल्याने स्पॉन्सर करायचं तर कॅनडातच राहावं लागतं, नागरिक असती तर गोष्ट वेगळी होती. भेटायला येऊन जावं, घर तिकडेच ठेवावं. नवऱ्याचा खर्च 3 वर्षं उचलायची लेखी हमी पण तिलाच द्यायची आहे.

लग्न खरं आहे हे दाखवावं लागेल, आणि इथे तुमचा हातभार लागतो. घाईत झालेलं रजिस्टर लग्न, मांडव नाही, हळद नाही, घरचे कोणी नाहीत, यावर अधिकारी विचारणारच. दोघांच्या नावाचं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, बँकेचं खातं, लग्नाआधीपासूनचे फोटो आणि चॅट त्यांनी जमवावे. तुम्ही आणि यावलच्या मंडळींनी हे नातं कधी कळलं, कोण कोणाशी बोललं, सणाला काय पाठवलं ते तारखांसकट लिहून, नोटरी करून द्या. तारीख आठवत नसेल तर आठवत नाही असंच लिहा, जुळवून लिहू नका.

वकील तिकडचाच करा, ऑन्टारिओच्या, म्हणजे मुलगा राहतो त्या प्रांताच्या, लॉ सोसायटीच्या (वकिलांची नोंद ठेवणारी संस्था) यादीत नाव असलेला. कन्सल्टंट असेल तर त्याचं नाव सीआयसीसीच्या, म्हणजे इमिग्रेशन कन्सल्टंटना परवाना देणाऱ्या तिथल्या संस्थेच्या, यादीत हवं, ती यादी कोणालाही बघता येते, तुमच्या एजंटचं नाव पण तिथे शोधा.

आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ असते. आज दिवेलागणीला फोन लावा आणि त्या पत्राच्या सगळ्या पानांचा फोटो मागवून घ्या, मुलाखतीची तारीख आहे का ते आधी बघा.